आपले नाव आपणच सांगावे

“ओरडू नको, पोरी. जवळ ये.”

देवराव शेंडे गुरुजी माझ्याशी बोलले ते हे पहिले वाक्य. मी तेव्हा तिसरीत होते. आमच्या खुर्सीपार वस्तीतल्या बुद्धविहारामागील खोलीत दर रविवारी सकाळी ते मुलांसाठी मराठीचा वर्ग घेत असत. गुरुजींना ऐकायला कमी येते, असे मला कोणीतरी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून मी दारातूनच बाराखडी ओरडायला सुरुवात केली. पोरे हसू लागली. गुरुजींनी हातानेच त्यांना गप्प केले आणि मला बोलावून घेतले. मी अगदी त्यांच्या खांद्याशी जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणाले, “आता म्हण. ओरडलं का शब्द फाटते.”

त्या गोष्टीला तीसेक वर्षे होऊन गेली. आज गुरुजी पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि या गौरव अंकात त्यांच्याविषयी लिहिण्याचे काम आमच्या मराठी मंडळाने माझ्याकडे सोपवले आहे. हा लेख मी आनंदाने लिहायला हवा होता. पण मी तो हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. आत खाटेवर यमुनाकाकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, झोपल्या आहेत. त्यांच्या मेंदूतली गाठ काढली आहे. गुरुजी त्यांच्या उशाशी बसले आहेत. लेखात दुःख उतरले असेल तर आपण सर्वांनी समजून घ्यावे.

देवरावजींना गुरुजी केले ते आम्ही मुलांनी. इथल्या पोलादाच्या कारखान्यात ते क्रेन ऑपरेटर होते. शेडच्या छताखालून रुळांवर सरकणारी अवजड क्रेन, तिच्या केबिनमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली आणि खालच्या गोंगाटाने त्यांचे कान नेले. माझे बाबा त्याच शेडमध्ये खलासी होते. लोखंडाला साखळी अडकवायची आणि हाताच्या खुणेने वरच्याला सांगायचे, उचल, थांब, उतरव. आम्ही भंडाऱ्याकडचे तेली. विहारातल्या वर्गाला मला पाठवायचे ठरले तेव्हा आजीने घर डोक्यावर घेतले. बाबा जेवता जेवता म्हणाले, “ज्याच्या क्रेनखाली मी रोज उभा राहतो, त्याच्यासमोर पोरगी बसली तं काय बिघडते, माय?” आजी काही लगेच गप्प झाली नाही. ती वर्षभर पुटपुटत राहिली. पण रविवारी सकाळी माझी वेणी तीच घालून देत असे.

क्रेनच्या कामाचा एक नियम बाबा नेहमी सांगत. ‘उचल’ म्हणण्याचा हक्क खालच्या एकाच माणसाला असतो. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावे, वरच्याने थांबायचे. एकदा माल घाईचा होता. खाली जमलेले सगळे “उठाव, उठाव” म्हणून हात उडवू लागले. बाबांचा हात तेवढा वर झाला नव्हता. गुरुजींनी क्रेन जागची हलवली नाही. बाबांचा हातमोजा साखळीत अडकला होता आणि ते बोटे सोडवून घेत होते. ही गोष्ट बाबा शेवटच्या आजारपणापर्यंत सांगत राहिले, प्रत्येक वेळी तो हात पुढे करून. गुरुजींजवळ विषय काढला की ते म्हणत, “मले ऐकू येत नवतं म्हणून वाचला तुया बाप. ऐकू आलं असतं तं उचललंच असतं.”

रविवारच्या वर्गाची रीतही त्यांचीच. मुलूख हिंदीचा; शाळा आमची हिंदीत, गल्ली हिंदीत, भांडण हिंदीत. घरातली मराठीही दिवसेंदिवस पातळ होत चाललेली. म्हणून गुरुजींनी ठरवून दिले की प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक शब्द मागून आणायचा आणि वर्गात तो म्हणून दाखवायचा. कोणी ‘आवतन’ आणी, कोणी ‘दुरडी’. शब्द खरा की खोटा, याचा निवाडा मात्र गुरुजी करत नसत. ते मागे पाहत. मागे भिंतीशी यमुनाकाकू तांदूळ निवडत बसलेल्या असत, वर्गानंतरच्या खिचडीचे. काकू शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांना सही करायला गुरुजींनीच शिकवले होते. पण वैनगंगेकाठच्या गावातले सगळे बोलणे त्या जशाच्या तशा घेऊन आल्या होत्या. एकदा एका पोराने फसवायचे म्हणून ‘भुंगरू’ असा शब्द आणला.

“भुंगरू म्हंजे काय गा?” गुरुजींनी विचारले.

पोराला अर्थ सुचेना. काकूंनी सुपातून मान वर न काढता सांगितले, “म्हंजे त्यानं घरी कोणाले विचारलं नाई, अन येता येता रस्त्यात बनवला.”

सगळा वर्ग हसून लोळला. गुरुजी सर्वांत शेवटी हसले, कारण त्यांना ते कोणीतरी जवळ जाऊन सांगावे लागले. आज मी जे थोडेफार लिहिते, त्यातला प्रत्येक दुसरा शब्द त्या भिंतीकडून आलेला आहे. अक्षर गुरुजींचे, शब्द काकूंचे, असे आम्ही मुले म्हणत असू. तेव्हा ते कौतुकाने म्हणत होतो. आता ते वाक्य मी कोणापुढे म्हणत नाही.

कारण काकूंचे दुखणे आले ते शब्दांवरच. गेल्या वर्षी त्या बोलता बोलता अडू लागल्या. चाळणी हातात असायची आणि म्हणायच्या, “हे... ते, पीठ करते ते.” आम्ही वय झाले म्हणून थट्टा केली. काकूंनीही केली. मग उजव्या हातातून कप पडू लागले, डोके दुखू लागले, आणि एका सकाळी भाजी चिरता चिरता त्या शुद्ध हरपून पडल्या. तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी सर्जनांनी गुरुजींना आणि त्यांच्या मुलीला, वर्षाला, समोर बसवून शांतपणे सांगितले की गाठ काढता येईल, पण ती बोलण्याच्या जागेजवळ आहे. काय परत येईल आणि किती, ते आज सांगता येणार नाही. गुरुजींनी खुर्ची ओढून सर्जनांच्या अगदी जवळ नेली होती, एकही शब्द सुटू नये म्हणून. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “तिले ऐकू तं येईल ना?”

“हां, सुनाई देगा.”

“मग झालं,” गुरुजी म्हणाले. “एकाले तरी आलं पायजे.”

ऑपरेशन झाले. आयसीयूतून काकू खोलीत आल्या. दोन खाटांची खोली, मध्ये पडदा. डोक्याला पट्टी, चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली, डोळे मात्र स्वच्छ. राऊंडला एक तरुण डॉक्टर येत. बोटे मोजायला लावत, हात दाबायला सांगत. वर्षाकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “अम्मा, ये कौन?” काकूंनी पुष्कळ वेळ घेतला आणि म्हणाल्या, “वर्षा.” आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. मग डॉक्टरांनी गुरुजींकडे बोट केले. “और ये? इनका नाम बताइए.”

काकूंनी गुरुजींकडे पाहिले. डावा हात वर उचलला, पट्टीवरून पदर ओढून घ्यायला जावा तसा, आणि तोंड भिंतीकडे वळवले. डॉक्टरांनी पुन्हा विचारले. काकू बोलल्या नाहीत. डॉक्टर कागदावर काही लिहू लागले तेव्हा गुरुजी मोठ्याने हसले.

“डॉक्टर साहब, लिखिए मत. इसने लगन के बाद कभी मेरा नाम नहीं लिया. आपके बोलने से लेगी क्या?”

“सच में?” डॉक्टरही हसले.

“लगनात घेतलं होतं एक डाव,” गुरुजी आमच्याकडे वळून म्हणाले, “ते बी तिच्या वहिनीनं मागून चिमटा काढला तवा.”

खोलीतला सगळा ताण उतरला. पलीकडच्या खाटेवरची बाईसुद्धा पडद्याआडून हसली. हे खरेच होते. काकूंच्या तोंडून देवराव हे नाव आमच्यापैकी कोणीही ऐकलेले नव्हते. ‘वर्षाचे बाबा’, नाही तर नुसते ‘ऐकलं का’, आणि तेही कमी ऐकणाऱ्या माणसाला. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी खुर्सीपारभर झाली. यमुनाबाई दवाखान्यातसुद्धा मालकाचे नाव घेईनात, डॉक्टर हरले, असे बायका एकमेकींना सांगून हसत. मीही आता राहते त्या कोहक्यात चार घरी सांगितली. इतक्या वाईट दिवसांत हातात धरायला ती एक हसरी गोष्ट होती.

भेटायला माणसे येऊ लागली. आपल्याकडे आजाऱ्याला पाहायला जायचे म्हणजे खाटेवर वाकून पहिला प्रश्न ठरलेला: “मले ओळखलं का?” प्रेमानेच विचारतात. पण काकूंच्या चेहऱ्यावर प्रत्येक वेळी भीती उमटे. त्या समोरच्याकडे पाहत, ओठ हलवत, आणि शब्द आला नाही की डोळ्यांतून पाणी येई. एक बाई तर सोडायलाच तयार नव्हत्या. “पहचान ना, काकू! सोच, सोच! चवळीच्या शेंगा कोण आणून द्यायचं तुले?” गुरुजी उठले. त्यांनी बाईंना हाताची खूण केली, शेडमधली, थांब म्हणणारी. मग दाराबाहेर नेऊन हात जोडले.

“बाई, परीक्षा घेऊ नका तिची. आपलं नाव आपणच सांगा. मी अमकी, इथून आली, एवढं म्हणा अन बसा. तिले वाटलं तं बोलंन.”

तेव्हापासून तो त्या खोलीचा दंडकच झाला. येणारा माणूस दारात थांबून आपली ओळख स्वतःच देई. शेजारचे साहूजी आले, ते छत्तीसगढीत म्हणाले, “मैं साहू अंव काकी, जेकर कुकुर ह तोर चप्पल ले के भाग गे रिहिस.” त्या चप्पल पळवणाऱ्या कुत्र्याच्या आठवणीने काकू अर्ध्या तोंडाने हसल्या. ऑपरेशननंतरचे ते पहिले हसू. साहूजी व्हरांड्यात येऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

मी शिकवते ती शाळा सुटल्यावर मी रोज जात असे. बोलण्याचा सराव करून घ्यायला एक मुलगी येई, फार गोड मुलगी. तिच्याजवळ चित्रांचे पत्ते होते. सेब, कंघी, ताला. काकू पत्त्यांकडे पाहून गप्प राहत. गुरुजींनी तिला विचारून ते पत्ते आपल्या हातात घेतले आणि दुसऱ्या दिवशी घरून त्यांतली एक खरी वस्तू मागवली. काकूंच्या डाव्या हातात ती ठेवली आणि काही न बोलता वाट पाहत राहिले. त्यांना घाई नव्हती. वर केबिनमध्ये बसून खालचा हात कधी उठतो याची वाट पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग काकू म्हणाल्या, “फणी.”

आम्ही टाळ्या वाजवायच्या आधीच त्यांचा हात फणी घेऊन डोक्याकडे गेला, आणि पट्टीला लागून थांबला. केस नव्हते. काकूंनी ती फणी गुरुजींना परत दिली. गुरुजींनी ती खिशात ठेवली आणि खिडकी उघडायला उठले. खिडकी उघडीच होती.

आता मी जे लिहिणार आहे, ते लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला.

एका सुटीच्या दिवशी मी सकाळीच गेले. वर्षा अंघोळीला घरी गेली होती. मी पाण्याची बाटली भरून परत आले, तेव्हा गुरुजी नुकतेच चहा घेऊन खोलीत शिरले होते. त्यांची पाठ दाराकडे होती, म्हणून मी त्यांना दिसले नाही. काकू जाग्या होत्या आणि अंग चोरून, चादर गळ्यापर्यंत ओढून त्यांच्याकडे पाहत होत्या. गुरुजी दारापासून दोन पावलांवर थांबले. दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊन उंबऱ्यात थांबावे तसे. मग हळू आवाजात म्हणाले,

“मी देवराव. देवराव शेंडे. खुर्सीपारले राहतो. भिऊ नका. तुमच्यासाठी चहा आणला. इथं बसलो तं चालते का?”

काकूंनी त्यांना नीट पाहून घेतले. मग म्हणाल्या, “बसा.”

गुरुजी बसले. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी पुढे केली. काकूंनी घेतली. एवढेच झाले. मी बाटली घेऊन तशीच मागे फिरले आणि जिन्याशी जाऊन उभी राहिले. जी गोष्ट आम्ही घरोघरी हसत सांगितली होती, तिच्या खाली काय होते ते मला त्या दोन पावलांत दिसले. काकू नाव घेत नव्हत्या ते लाजेने नव्हे. आणि हे त्या राऊंडच्या वेळी सर्वांत आधी ज्यांना कळले, त्यांनीच सर्वांत आधी हसून घेतले होते.

थोड्या वेळाने गुरुजी बाहेर आले. मला पाहिले आणि समजले.

“ऐकलं?”

मी मान हलवली.

“रोजच सांगा लागते,” ते म्हणाले. “कधी दुपारी बी. झोपून उठली का पुन्हा.”

“वर्षाला माहीत आहे?”

“तिचं नाव तं घेते ना ते. तिले कावून सांगू? लोकं हसत येऊन राहिले, हसत जाऊन राहिले. रडत आले असते तं खाटेवर पडल्या पडल्या तिनं कोणाकोणाले समजावलं असतं?”

मी भरलेली बाटली त्यांच्या हातात दिली. मग तेच म्हणाले, “बशी दिली तं घेते. वाईट काय हाय?”

पुढे वर्षाच्या ध्यानात ते आपोआप आले, आणि आज घरचे सगळे जाणतात. तरीही हा मजकूर छापण्यापूर्वी मी गुरुजींना वाचून दाखवला, जवळ बसून, हळू. ते ऐकत असताना काकूंच्या पायांवरची चादर सारखी करत होते. शेवटी म्हणाले, “राहू दे. दुसऱ्या कोणाच्या घरी असं झालं तं त्याले वाटंन, आपलंच नाई.” एवढे मोठे मन मी माझ्या ओळखीत दुसरे पाहिलेले नाही.

मधल्या काळात काकूंना ताप आला आणि तो उतरेना, म्हणून मुक्काम लांबला. आता ताप नाही. धरून चालवले तर त्या खिडकीपर्यंत जातात. शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले आहेत. गुरुजी औषध आणायला खाली गेले की त्या दाराकडे पाहत राहतात, आणि ते आले की पाहणे थांबते. मी हे गुरुजींना आनंदाने सांगितले, काकूंना ओळख पटू लागली म्हणून. ते म्हणाले, “ओळख नाई ते. सवय हाय.” आणि मग, माझा चेहरा पाहून, “सवयीपासूनच सुरू झालं होतं गा आमचं. मले लग्नाआधी कुठं ओळखत होती ते?” हे म्हणताना ते हसले, पण या वेळी मी हसले नाही, आणि त्यांनीही मला हसण्याचा आग्रह केला नाही.

गुरुजींच्या कार्याबद्दल इतरांनी या अंकात लिहिले आहे. विहाराची खोली, वर्गातून निघालेली मुले, निवृत्तीनंतर उतई गावच्या पोरांसाठी काढलेला दुसरा वर्ग, हे सगळे मोठे आहे. मला मात्र माणसाचे मोठेपण आता त्या दोन पावलांच्या अंतरात दिसते. ज्या घरात आपण सगळे आयुष्य घालवले, त्याच्या दारात रोज पाहुण्यासारखे थांबायचे, आपले नाव सांगायचे, बसायची परवानगी मागायची, आणि मिळाली की तिचे उपकार मानायचे. प्रेमाविषयी मी आजवर जे काही लिहिले, ते मला त्यापुढे फार सोपे वाटते.

अशा लेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचे असते. मंडळाची माणसे हॉस्पिटलात आमंत्रण द्यायला आली आणि शंभर वर्षे जगा म्हणाली, तेव्हा गुरुजींनी त्यांना अडवले. “एकट्याचं मागू नका,” म्हणाले. म्हणून मी दोघांचे मागते. गुरुजींचे गुडघे, डोळे, हात साबूत राहोत. काकूंच्या अंगात बळ येवो, केस वाढोत. दोघांना एकमेकांच्या सोबतीचे पुष्कळ दिवस मिळोत आणि त्यांत दुखणे कमी असो.

आता एक विनंती. गुरुजी, येत्या रविवारी दुपारी मंडळाच्या सभागृहात सगळे जमणार आहेत. हार नाही, शाल नाही, भाषण करायचे नाही. फक्त यावे, आणि माणसे तुमच्याजवळ येऊन बोलतील ते ऐकावे. तेवढा वेळ काकूंच्या उशाशी मी बसते.

तुम्ही नाही म्हणाल, हे मला ठाऊक आहे. कारणही ठाऊक आहे. परवा तुम्हाला जरा घरी जाऊन पडा म्हटले, तेव्हा तुम्ही खाटेची कड सोडली नाही आणि म्हणालात, “अन त्याच वेळी तिले आठवलं तं? मी कोण ते तिले आठवलं, अन इथं मी नसलो तं?”

 तरी मागते, गुरुजी. रविवारची एक दुपार मला द्या.